शब्दचर्चा : मातृसत्ताक, मातृवंशीय आणि घानातली 'ओहेमा'

गेल्या वर्षी एका दिवाळी अंकासाठी घानातल्या असांते लोकांवर लेख दिला होता. त्यात सात-आठ ठिकाणी मी 'मातृवंशीय' असं लिहिलं होतं. अंक हातात आला तेव्हा सगळीकडे 'मातृसत्ताक' झालेलं. फोन केला तर उत्तर मिळालं, "अहो, वाचकांना तोच शब्द माहीत आहे, आणि अर्थ एकच की." अर्थ एकच नाही. तेव्हा फोनवर मला ते धड सांगता आलं नाही, म्हणून इथे मांडतो.

वंश म्हणजे कोण कुणाचं. नाव, कूळ, वारसा कुणाकडून येतो. सत्ता म्हणजे शब्द कुणाचा चालतो. वंश आईकडून मोजला म्हणून सत्ता बाईच्या हातात जाते असं नाही. शिवाय 'मातृसत्ताक' हा शब्द 'पितृसत्ताक'च्या जोडीला बसतो, त्यामुळे ऐकल्या ऐकल्या डोळ्यांसमोर येतं ते हे की तिथे बाप जे करतो ते इथे आई करते. असांतेंच्या बाबतीत हे चित्र साफ चुकीचं आहे.

मी दोन वर्षं कुमासीत, म्हणजे असांतेंच्या राजधानीत, नोकरीला होतो. आमच्या गोदामाचा हिशेब ठेवणारा माझ्याच वयाचा एक जण होता. एका शुक्रवारी त्याने रजा मागितली. कोण गेलं विचारलं तर म्हणाला, "माझा वोफा." वोफा म्हणजे आईचा भाऊ, आपला मामा. शनिवारी मीही गेलो. मांडवात काळ्या-लाल वस्त्रांतली माणसं, प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा, आणि आलेला प्रत्येक जण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात मिळवत चाललेला. माझा सहकारी घरच्यांच्या रांगेत, अगदी पुढे. गेलेल्या माणसाचे सख्खे मुलगे मात्र पलीकडच्या बाजूला, वेगळे बसलेले. मी गोंधळलो ते त्याला दिसलं असावं. परतताना तो म्हणाला, "ती त्यांची मुलं आहेत, पण त्यांच्या अबुसुआतली नाहीत. मी आहे."

हा 'अबुसुआ' शब्द मराठीत कसा आणायचा? 'कुटुंब' म्हटलं तर नवरा-बायको-मुलं डोळ्यांपुढे येतात, आणि अबुसुआत नवरा-बायको कधीच एकत्र नसतात, कारण एकाच अबुसुआत लग्न होत नाही. 'गोत्र' म्हटलं तर ऋषी आठवतात. 'कूळ' त्यातल्या त्यात बरा, जरी कूळकायदा माहीत असलेल्या वाचकाला क्षणभर शेतजमीन कसणारा दिसेल. मला सगळ्यांत जवळचं वाटतं ते आपलं 'देवक'. अकान समाजात (असांते त्यातलेच) आठ मोठी अबुसुआ मानतात: ओयोको, ब्रेतुओ, अदुआना, असोना आणि इतर चार. प्रत्येकाचा एक प्राणी किंवा पक्षी आहे. ओयोकोचा ससाणा, ब्रेतुओचा बिबट्या, अदुआनाचा कुत्रा, असोनाचा कावळा. एक देवक असलेल्यांत सोयरीक होत नाही, तसंच हे. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की आपलं देवक बापाकडून येतं आणि त्यांचं आईकडून.

त्यामागे माणूस कशाचा घडलाय याबद्दलची त्यांची समजूत आहे. रक्त, त्यांच्या भाषेत 'मोग्या', आईचं. बापाकडून 'न्तोरो' येतो, स्वभावाला आकार देणारा एक अदृश्य अंश. आणि 'क्रा', म्हणजे प्राण, तो न्यामेकडून, देवाकडून. तेव्हा बाप तिथे परका नसतो. मुलाचं नाव बापच ठेवतो. पण जमीन, गादी, मेल्यावर पुरण्याची जागा, हे सगळं रक्ताच्या वाटेनं जातं.

प्रतिसाद : म्हणजे तिथे माहेर-सासर हा भेदच नाही का? 'माहेर'ला त्यांच्याकडे शब्द आहे का?

धागाकर्ता : फार चांगला प्रश्न. 'माहेर' हा शब्द 'मातृगृह'वरून आला असं सांगतात. म्हणजे आपल्या भाषेत आईचं घर म्हणजे जे सोडून जायचं आणि ज्याची आठवण काढायची ते. जुन्या असांते गावांत लग्नानंतरही कित्येक बायका स्वतःच्या आईच्या घरीच राहत आणि नवरा त्याच्या आईच्या घरी. संध्याकाळी बायको आपल्या चुलीवर रांधायची आणि पोरं डोक्यावर झाकलेली भांडी घेऊन गल्लीतून वडिलांच्या घरी पोचवायची. 1940च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ मेयर फोर्टेस यांनी ही पद्धत नोंदवून ठेवली आहे. आता शहरात हे कमी झालंय. पण त्या बाईला 'माहेरवाशीण' म्हणता येणार नाही. वाशीण कसली, ती तिथलीच. मेल्यावरही तिचं मातीचं पाहायचं ते तिच्या अबुसुआनं.

प्रतिसाद : मग प्रमुख कोण, बाईच ना? की मामा?

धागाकर्ता : अबुसुआचा कारभार पाहणारा 'अबुसुआपान्यिन' बहुतेक वेळा पुरुष असतो, म्हणजे कुणाचा तरी मामा. म्हणूनच 'मातृसत्ताक' चालत नाही. त्यांच्यात एक म्हण आहे: उजाडलेलं कोंबडीलाही कळतं, पण ती कोंबड्याच्या तोंडाकडे बघते. ही म्हण मुकाट्याने ऐकून घेणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि "कळतं कुणाला ते म्हणीतच सांगितलंय" असं ठणकावणारी एक आजीही पाहिली आहे.

मातृवंश म्हणजे बाईला आपोआप संरक्षण, असंही समजू नये. नवरा मृत्युपत्र न करता गेला की रूढीप्रमाणे त्याची मिळकत त्याच्या अबुसुआकडे जायची, म्हणजे भावा-भाच्यांकडे. विधवा आणि तिची मुलं दुसऱ्या अबुसुआतली, त्यांना घराबाहेर काढल्याची उदाहरणं होती. 1985 साली घानात वारसाहक्काचा नवा कायदा आला, तेव्हा राहतं घर आणि घरातलं सामान पत्नीला व मुलांना मिळालं. उरलेल्या मिळकतीचे 16 भाग केले तर मुलांना 9, पत्नीला 3, हयात आई-वडिलांना 2 आणि रूढीप्रमाणे अबुसुआला 2. आपल्याकडे विधवेला सासरच्यांनी हाकललं, तिकडे नवऱ्याच्या माहेरच्यांनी, असं मी म्हणणार होतो. पण बघा, 'नवऱ्याचं माहेर' हे शब्दच मराठीत जोडीनं बसत नाहीत.

आता ओहेमाकडे येतो, कारण माझ्या लेखात दुसरा बदल तिथे झाला होता. 'ओहेने' म्हणजे राजा किंवा गावचा प्रमुख. 'ओहेमा' हे त्याच शब्दाचं स्त्रीरूप. इंग्रजांनी तिच्यासाठी जो शब्द केला त्याचं सरळ मराठी 'राजमाता', आणि अंकात तेच छापलं गेलं. मराठी माणसाला 'राजमाता' म्हटलं की जिजाऊ दिसतात. जिजाऊंचं मोठेपण त्या शिवरायांच्या आई असण्याशी जोडलेलं आहे. ओहेमा राजाची आई असेलच असं नाही. बहीण असते, मावशी असते, मावसबहीण असते. बायको मात्र कधीच नसते, कारण बायको दुसऱ्या अबुसुआची.

हल्लीचंच उदाहरण. सध्याचे असांतेहेने, म्हणजे साऱ्या असांतेंचे राजे, दुसरे ओसेई तुतू 1999 साली गादीवर आले, तेव्हा असांतेहेमा, म्हणजे साऱ्या असांतेंची ओहेमा, त्यांच्या आईच होत्या, नाना अफिया कोबी. त्या 2016 साली वारल्या. त्यांच्या जागी 2017 मध्ये आल्या त्या नाना कोनादू यिआदोम, म्हणजे राजाची थोरली बहीण. त्या 2025च्या ऑगस्टमध्ये गेल्या. मधली आठ वर्षं त्यांना 'राजमाता' लिहिणं म्हणजे बहिणीला आई म्हणणं झालं असतं.

ओहेमाला स्वतःची गादी असते. राजाच्या शेजारी मिळालेली मानाची खुर्ची नव्हे, स्वतंत्र गादी, तिचा स्वतःचा दरबार आणि तिथे चालणारे निवाडे. गादी रिकामी झाली की नवा वारस कोण हे नाव तीच सुचवते. जाणत्यांनी नकार दिला तर दुसरं, मग तिसरं. कुळात कोण कुणाच्या पोटचा हे तिला ठाऊक असतं, आणि जिथे वंश आईकडून तिथे हे ठाऊक असणं म्हणजेच वजन. राजाची भर सभेत कानउघाडणी करायचा हक्क तिला आहे.

रॅट्रे नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यानं 1923 साली लिहून ठेवलंय की इतकी वर्षं इथे राहून आपल्याला या बायकांचं स्थान कसं कळलं नाही, असं त्यानं वृद्धांना विचारलं. त्यांचं म्हणणं साधारण असं होतं : तुम्ही कधी विचारलंच नाही. तुम्ही व्यवहार फक्त पुरुषांशी करता, तेव्हा तुमच्यात बायकांना किंमत नसावी असं आम्ही धरून चाललो. हे वाचल्यावर 'मातृसत्ताक' म्हणायचा मोह का होतो ते मला कळतं. पण ही सत्ता वेगळ्या घडणीची आहे, तिला उसनं नाव देऊन ती दिसत नाही.

प्रतिसाद : गादी का म्हणता? तो तर लाकडी स्टूल असतो ना? फोटोत पाहिलाय.

धागाकर्ता : वस्तू म्हणून तो कोरलेला बसका पाटच आहे. पण मराठीत राज्यपदाला 'गादी' हा शब्द अर्थासकट तयार आहे: गादीचा वारस, गादीवर बसवणं, गादीवरून उतरवणं. शब्दशः 'स्टूल' लिहिलं तर वाचकाला पंख्याखालचं स्टूल आठवणार. एक अडचण मात्र आहे. असांतेंची जी सोन्याची गादी, 'सिका द्वा', तिच्यावर कुणीच बसत नाही, राजासुद्धा नाही. साऱ्या असांतेंचा 'सुन्सुम', म्हणजे जीवात्मा, तिच्यात आहे असं मानतात. तिला जमिनीवर टेकवत नाहीत, स्वतःच्या वेगळ्या आसनावर आडवी ठेवतात.

28 मार्च 1900 रोजी ब्रिटिश गव्हर्नर हॉजसननं कुमासीत जमलेल्या प्रमुखांना विचारलं की ती गादी कुठे आहे, मी राणीचा प्रतिनिधी, मला ती बसायला का दिली नाही. त्याला ते सिंहासन वाटलं. नुसत्या त्या वाक्यामुळे युद्ध झालं असं मी म्हणणार नाही. त्याआधी 1896 साली राजा प्रेम्पे आणि त्याची आई, असांतेहेमा 'या अक्या', यांना इंग्रजांनी धरून नेलं होतं, खंडणीचाही तगादा होता. पण ते वाक्य वर्मी लागलं. त्यानंतरच्या लढ्याचं नेतृत्व कुमासीजवळच्या एजिसूच्या ओहेमानं केलं. ती म्हणजे 'या असांतेवा'. एजिसूचा गादीवरचा नातू राजाबरोबर हद्दपार झाला होता, म्हणून कारभार तिच्याकडे होता. साठीच्या आसपासची बाई. पुढे तिला पकडून सेशेल्सला पाठवलं आणि 1921 साली ती तिथेच वारली.

तिच्या नावाबद्दल दोन गोष्टी सांगायच्याच आहेत. 'या' म्हणजे गुरुवारी जन्मलेली मुलगी. आणि आदरानं तिला 'नाना या असांतेवा' म्हणतात. मराठी वाचक 'नाना' वाचून पुरुष समजतो, आणि ते साहजिक आहे, आपल्या घरोघरी नाना होऊन गेले. अकान भाषेत नाना म्हणजे आजोबाही आणि आजीही. राजाही नाना, ओहेमाही नाना. त्यांच्या भाषेत 'तो' आणि 'ती'ला वेगळी सर्वनामंही नाहीत, दोघांना एकच. मराठीत मला दर वाक्याला 'आला की आली' ठरवावं लागतं, तिथे ते लागत नाही. न्यामेबद्दल, म्हणजे देवाबद्दल लिहिताना तर हे फार टोचतं. 'न्यामेने जग केलं, मग तो...' असं लिहिलं की मी माझ्या पदरचा पुरुष तिथे बसवला. म्हणून मी न्यामेचं नावच पुन्हा पुन्हा लिहितो, वाक्य जड झालं तरी चालेल.

प्रतिसाद : त्यांच्या जमिनीच्या दैवताला, 'असासे या'ला, काय म्हणाल? भूदेवी?

धागाकर्ता : 'असासे' म्हणजे जमीन, 'या' म्हणजे वर सांगितलेली गुरुवारची. अकानांपैकीच किनाऱ्याकडच्या फान्ती लोकांत तीच 'असासे एफुआ', शुक्रवारची. असांते परंपरेत गुरुवारी जमिनीत कुदळ घालत नाहीत. तर्पण करताना आधी न्यामेचं नाव, लगेच 'असासे या'चं. थडगं खणायच्या आधीही तिच्या नावानं मद्याची धार सोडतात. तिला देऊळ नाही, पुजारी नाही, आणि कौल तर ती देतच नाही. 'असासे ही दैवत नव्हे, ती भाकीत सांगत नाही' अशी म्हणच आहे. म्हणून 'देवी' मला नको वाटतो. देवी म्हटलं की मूर्ती, ओटी, नवस सगळं मागोमाग येतं. आधी मी 'काळी आई' लिहिलं होतं, आपला शेतकरी रानाला म्हणतो तसं. अर्थानं ते अगदी नेमकं, पण आफ्रिकेबद्दलच्या लेखात 'काळी' शब्द कातडीच्या रंगावर जाऊन पडतो. ते मला नको होतं. 'धरणीमाय' ठेवलं.

प्रतिसाद : मग खरी मातृसत्ता आफ्रिकेत कुठेच नाही? विचारवंत शरद पाटील 'स्त्रीसत्ता' हा शब्द वापरत, तो कुठे बसेल?

धागाकर्ता : तो शब्द इथे कामाचा आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या लिम्पोपो प्रांतात बालोबेदू लोकांची मोजाजी बघा. साधारण 1800पासून तिथे राण्यांनी राज्य केलं, पाऊस पाडण्याची विद्या तिच्याकडे असल्याचं मानतात, आणि गादी बाईकडून बाईकडे जात आली. सहावी मोजाजी 2005 साली वारली. पण गंमत नाही, खरं सांगतो, बालोबेदू प्रजेत वंश बापाकडून मोजतात! म्हणजे गादीवर बाई आणि वंश पित्याचा. असांतेंकडे वंश आईचा आणि गादीवर पुरुष. मोजाजीच्या राज्याला 'स्त्रीसत्ता' म्हणा, असांतेंना 'मातृवंशीय' म्हणा. दोघांनाही 'मातृसत्ताक' म्हटलं की दोन्हीकडचं काहीच कळत नाही. मेघालयातल्या मातृवंशीय खासी लोकांबद्दल आपली वृत्तपत्रं हेच करतात.

प्रतिसाद : शेवटी ओहेमाला मराठीत काय लिहायचं ते सांगा. मला पुढच्या आठवड्यात शाळेत मुलांपुढे बोलायचंय.

धागाकर्ता : 'ओहेमा'च म्हणा. आपण 'शोगुन' आणि 'झार' तसेच ठेवले. पहिल्यांदा म्हणाल तेव्हा एवढंच सांगा : गादीच्या कुळातली मुख्य स्त्री, राजा कुणी व्हावं ते नाव हीच सुचवते. आणि 'नाना या असांतेवा' म्हणण्याआधी मुलांना सांगून ठेवा की ही नाना आजी आहे.