टॅबलेटवरच्या हिरव्या खुणा खऱ्या धरायच्या का?

सातवीच्या बाई
मी सातवीच्या दोन तुकड्यांना गणित शिकवते. या सत्रात 'अ'ला टॅबलेट मिळाले, 'ब'चं वही-फळ्यावर चाललंय. आता शाळेला अहवाल हवाय: मुलांचं शिकणं सुधारलं का? ॲपमध्ये 'अ'च्या सगळ्यांपुढे हिरव्या खुणा आहेत. अपूर्णांकांची बेरीज 'पूर्ण'.

परवा एका मुलीला मी कोरा कागद दिला. १/२ + १/३. तिने झटक्यात लिहिलं, २/५. अंशात अंश मिळवला, छेदात छेद. स्क्रीनवर हीच मुलगी उत्तर बरोबर आणते! म्हणून शेजारी बसून पाहिलं. ती एक तुकडा सरकवते, तो लाल होतो. दुसरा लावते, लाल. तिसरा हिरवा, की चालली पुढे. छेद समान करायचा असतो हे तिच्या मनात येतच नाही. २/५ तर १/२पेक्षाही लहान, तेही तिला खटकलं नाही. मला फार लागलं ते. अहवालात काय लिहू?

खडूवाला
बाई, ॲपचे गुण आधी बाजूला ठेवा. ज्या साधनावर सराव केला, त्याच साधनावरचे गुण त्या साधनाची बाजू घेणारच. दोन्ही तुकड्यांना एकच कागदी चाचणी द्या, आणि धडा संपल्यावर लगेच नको, तीन आठवड्यांनी. सुरुवातीला मुलं कुठे होती हे माहीत आहे का? नसेल तर 'अ' मुळातच हुशार मुलांची तुकडी असू शकते. पुढच्या धड्याला अदलाबदल करा: टॅबलेट 'ब'ला. शिकवणाऱ्या तुम्हीच आणि तासही तेवढेच, म्हणजे फरक कशाचा ते कळेल.

आकडेमोड
पेरू देशात ग्रामीण भागातल्या ३१९ प्राथमिक शाळांत लॅपटॉपचा परिणाम तपासला होता. कोणत्या शाळांना आधी द्यायचे ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं. २०१२मध्ये निष्कर्ष आले: गणित आणि भाषा, दोन्हींत सुधारणा दिसली नाही. उलट दिल्लीत शाळेनंतरच्या केंद्रांत संगणकावर शिकलेली मुलं साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीत स्पष्टपणे पुढे गेली. तो अभ्यास २०१९चा. तिथलं सॉफ्टवेअर मूल ज्या पातळीवर आहे तिथूनच सुरू करायचं, इयत्तेवरून नाही. यंत्र दिलं एवढ्याने काही ठरत नाही, ते यंत्र मुलाच्या चुकीचं काय करतं ते बघा.

सातवीच्या बाई
हे 'चुकीचं काय करतं' अगदी पटलं. आमचं ॲप चूक पुसून टाकतं, कारण विचारतच नाही. पूर्वचाचणी मी घेतली नव्हती, ती माझी चूक, अहवालात तसं लिहीन. सोमवारी दशांश अपूर्णांक सुरू करतेय. आधी दोन्ही तुकड्यांची कागदी चाचणी, मग टॅबलेट 'ब'कडे. आणि त्या मुलीला आज दोन कागदी पट्ट्या घड्या घालायला दिल्या. एकीचे दोन भाग, दुसरीचे तीन. "बाई, हे जुळतच नाहीत," म्हणाली. मग स्वतःच दोन्ही पट्ट्यांचे घड्या घालून सहा-सहा भाग करायला लागली.