वावरातला रोही (नीलगाय) दस्तऐवज आहे का?

तूरवाली: नागपूरला धरमपेठेत राहते, लायब्ररी सायन्स शिकते. फ्रेंच ग्रंथपाल सुझान ब्रिए १९५१ मध्ये म्हणाल्या, रानातलं हरीण दस्तऐवज नाही, प्राणिसंग्रहालयात आणलेलं मात्र आहे. वर्गात यावर तासभर भांडण. इकडे काटोलला बाबांच्या वावरात रोही तूर खाऊन गेले. पंचनाम्यासाठी खुराचा ठसा, बाजूला चप्पल ठेवून, फोटोत घेतला. आता दस्तऐवज कोण? रोही, ठसा का फोटो?

जुना ग्रंथपाल: पुरावा म्हणून जपलं की दस्तऐवज. माहितीशास्त्राच्या मायकेल बकलंडनं १९९१ मध्ये 'वस्तुरूप माहिती' (वस्तूच माहिती ठरते ही कल्पना) मांडली, तीही याच वाटेनं. फोटो नक्की. ठसा पाऊस पडेस्तोवर.

बिटवाला: माहिती सिद्धांतवाला क्लॉड शॅनन वाचा, १९४८. माहिती बिटांत मोजतो, अर्थाशी देणंघेणंच नाही, संदेश पोचला की झालं.

तूरवाली: पोचला ना भाऊ! वनरक्षकानं फोटो पाहून विचारलं, चप्पल कोणाची?