फोन हरवल्यावर आधी सिम बंद करायचं की फोन लॉक?

प्रश्न
फोन हरवला किंवा कुणी मारला तर पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं, ते कागदावर लिहून घरात ठेवायचं आहे. सगळे म्हणतात आधी सिम बंद करा. पण सिम गेलं की फोनचं नेटही जाणार, मग शोधायचा कसा? शिवाय दुसऱ्या फोनवरून गूगलला लॉग इन करायला गेलं, की खात्रीची सूचना हरवलेल्या फोनवरच जाते. घरात दोन अँड्रॉइड आहेत, एक आयफोन.

प्रतिसाद १
शंका रास्त आहे. आधी लॉक, लगेच पाठोपाठ सिम. लॉकची आज्ञा नेटवरूनच पोचते. सिम बंद आणि वायफायही नाही, तर ती पोचणारच नाही. अँड्रॉइडसाठी फाइंड हब, म्हणजे गूगलची हरवलेला फोन शोधायची सोय, दुसऱ्या फोनवर उघडा, पूर्वी त्याला फाइंड माय डिव्हाइस म्हणत. फोन जवळपास कुठे पडला असेल तर आधी वाजवून बघा, सायलेंटवर असला तरी पाच मिनिटं मोठ्याने वाजतो. नाहीतर सरळ लॉक करा आणि पडद्यावर दुसरा नंबर टाका.

हे आटपलं की सिम. इथे वेळ घालवू नका, कारण चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि ओटीपी तिकडे यायला लागतात. म्हणून सिम पिन, म्हणजे सिमचं स्वतःचं कुलूप, आजच लावा. कंपनीचा मूळ पिन विचारून घ्या, अंदाजाने टाकू नका. तीनदा चुकला की पीयूके, म्हणजे कंपनीकडून मिळणारा सिम उघडायचा कोड, लागतो, आणि तो दहादा चुकला की सिम कायमचं बाद. सिम पिनची एक अडचण आहेच: चोराने फोन बंद करून परत चालू केला, तर पिन टाकेपर्यंत मोबाइल नेट येत नाही. तरीही माझं मत, लावाच. फोन गेला तर एक वस्तू गेली, ओटीपी गेले तर खातं रिकामं होतं.

उघडा असतानाच हातातून हिसकावला असेल, तर लॉक करता करता दुसऱ्या कुणाला तरी बँकेला फोन लावायला सांगा.

प्रतिसाद २
खात्रीची सूचना हरवलेल्या फोनवर जाते, त्याचं उत्तर: गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात बॅकअप कोड मिळतात. एका वेळी दहा, प्रत्येक आठ अंकी, प्रत्येक एकदाच चालतो. ते त्याच कागदावर उतरवा. नवा संच काढला की जुना रद्द होतो, तेव्हा कागदही बदला. खात्याचा पासवर्ड मात्र पाठ हवा. तो फक्त फोनमध्येच साठवलेला असला तर सगळंच अडतं.

अँड्रॉइड १० किंवा पुढचं असेल तर सेटिंगमधल्या थेफ्ट प्रोटेक्शनमधलं रिमोट लॉक (दुरून लॉक करायची सोय) आत्ताच चालू करून ठेवा. मग अँड्रॉइड डॉट कॉम स्लॅश लॉक इथे नुसत्या फोन नंबरवरून लॉक करता येतं. आयफोनला खात्रीच्या सूचनेची अडचण नाही. आयक्लाउड डॉट कॉम स्लॅश फाइंड कोडशिवाय उघडतं, तिथे 'मार्क अ‍ॅज लॉस्ट' करा. आणि लॉक स्क्रीनवरून कंट्रोल सेंटर उघडणं आजच बंद करा, नाहीतर चोर पासकोडशिवाय एअरप्लेन मोड लावतो.

प्रतिसाद ३
इरेज, म्हणजे फोनमधलं सगळं दुरून पुसणं, अगदी शेवटी. अँड्रॉइडवर इरेज झालं की फाइंड हबमध्ये ठिकाण दिसत नाही. आयफोन, आयओएस १५ पासून पुढे, इरेजनंतरही दिसू शकतो. पण तो खात्यातून काढून टाकू नका! काढलात की अ‍ॅक्टिव्हेशन लॉक, म्हणजे तुमच्या पासवर्डशिवाय फोन नव्याने वापरू न देणारं कुलूप, सुटतं आणि चोराला नवाकोरा फोन मिळतो. काही दिवसांनी 'तुमचा आयफोन सापडला, इथे लॉग इन करा' असा मेसेज येऊ शकतो. पडद्यावर दिलेल्या नंबरवरच तो येतो आणि पान हुबेहूब खरं दिसतं. चोराला तो लॉक काढायला तुमचा पासवर्ड हवा असतो, म्हणून लिंक उघडूच नका.

प्रश्नकर्ता
आभार. आयएमईआयवरून, म्हणजे फोनच्या ओळख क्रमांकावरून, आपल्याला शोधता येतो का?

प्रतिसाद १
नाही. तो पोलिसांना आणि मोबाइल कंपनीला द्यायचा. शोधून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या साइटच्या नादी लागू नका. *#०६# दाबा, १५ अंकी नंबर येईल. दोन सिमच्या फोनला दोन असतात, दोन्ही उतरवा.