मदत हवी आहे: पुण्यातला घरमालक डिपॉझिट देत नाही, मी जर्मनीत आहे

नमस्कार मंडळी,

बाणेरला आम्ही टू बीएचके भाड्याने घेतला होता, डिपॉझिट 1 लाख. नवऱ्याची म्युनिकला बदली झाली, तेव्हा रीतसर महिन्याची नोटीस देऊन मार्चअखेर घर सोडलं. किल्ल्या घ्यायला घरमालक काका स्वतः आले. सगळ्या खोल्या फिरले, गिझर लावून पाहिला आणि "आठवड्यात पैसे टाकतो गं" म्हणाले. आता ऑगस्ट संपत आला.

आधी "नवीन भाडेकरू येऊ दे", मग "हिचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे". आता त्यांचा मुलगा बोलतो. रंगकामाचे 38 हजार, किचन ट्रॉल्यांचे 15, साफसफाईचे 7. बिल एकाचंही नाही. ट्रॉल्या आम्ही राहायला गेलो तेव्हाच गंजलेल्या होत्या; त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवलेत, खाली काकांचं "ओके" आहे. उरलेल्या 40 हजारांचं विचारलं, तर म्हणे "तुमचं खातं आता एनआरआय, त्यात पैसे टाकले की आम्हाला इन्कम टॅक्सची नोटीस येईल"!

करार नुसता नोटरी केलेला आहे. रजिस्ट्रेशनचा खर्च काकांनाच नको होता. तो कोर्टात टिकेल का? पोलिसांत जावं का? बाबा साताऱ्याला असतात, त्यांना या वयात कोर्टाच्या खेटा घालायला लावायच्या नाहीत. "गेले समज" हा सल्ला नको, तो सासूबाईंनी दिलाय.

प्रतिसाद १

पोलीस "दिवाणी मामला आहे" म्हणून परत पाठवतील. आधी वकिलाकडून पोचपावतीसह स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा. वकिलाला कागद ईमेल केले की झालं, नुसत्या नोटिशीसाठी मुखत्यारपत्र (आपल्या वतीने काम करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद) लागत नाही.

करार रजिस्टर नाही म्हणून घाबरू नका, घाबरायचं त्यांनी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999, कलम 55 पाहा. करार नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय अटींवरून वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. हे नोटिशीत ठळक घालायला सांगा. मुलाचा आवाज बहुतेक तिथेच खाली येईल.

टॅक्सचं कारण म्हणजे निव्वळ थाप. एनआरओ खातं (एनआरआय लोकांचं भारतातलं रुपयांचं खातं) भारतातले असे रुपये जमा करायलाच असतं.

प्रतिसाद २

नोटिशीला दाद दिली नाही, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व अर्ज करता येतो. कोर्ट फी नाही, आणि लोकअदालतीत तडजोड झाली तर ती कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखीच. त्यावर अपील नाही. फक्त समोरचा यायला तयार हवा.

दावाच लावायचा झाला तर मुदत 3 वर्षं. त्यासाठी म्युनिकच्या भारतीय वकिलातीत मुखत्यारपत्र साक्षांकित करून घ्या आणि ते महाराष्ट्रात पोचल्यापासून 3 महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरा. बाबांच्याच नावाने हवं असं नाही, पुण्यातला विश्वासू मित्रही चालेल.

धागाकर्ती

खूप आभार! एक शंका: करारावर सही काकांची, पण फ्लॅट काकूंच्या नावावर आहे. नोटीस कोणाला?

प्रतिसाद १

दोघांनाही. आणि डिपॉझिट कोणाच्या खात्यात गेलं होतं ते बँक स्टेटमेंटवर बघून वकिलाला आजच पाठवा.