रेड फ्लॅग कायदा: बंदूक आधी, सुनावणी मागाहून?

मिलिंद (एडिसन, न्यू जर्सी)
जो माणूस स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर उठेल अशी भीती आहे, त्याची बंदूक कोर्टाच्या हुकमाने काढून घ्यायची, हा रेड फ्लॅग कायदा. १९९९मध्ये कनेटिकटने सुरुवात केली, आता वीसहून जास्त राज्यांत आहे. बंदूक काढून घ्यायला माझा विरोध नाही. पण पहिला हुकूम त्या माणसाच्या पाठीमागे निघतो. त्याला कळतं ते पोलीस दारात आल्यावर. आमच्याकडे दहा दिवसांत सुनावणी होते खरी, पण अंतिम हुकमाला मुदतच नाही! उठवायचा तर त्यानेच अर्ज करायचा. फ्लोरिडात पुरावा स्पष्ट आणि खात्रीलायक लागतो, हुकूम जास्तीत जास्त १२ महिन्यांचा. पार्कलंडच्या शाळेत १७ जीव गेल्यावर महिन्याच्या आत केलेला कायदा, तरी एवढी काळजी घेतली. शिवाय हा फौजदारी खटला नसल्याने बहुतेक ठिकाणी सरकारी खर्चाने वकील मिळत नाही. कोलोरॅडोत मिळतो, मग इतरांना काय अडचण आहे?

स्वाती
मिलिंद, आधी नोटीस दिली तर मधले दिवसच सगळ्यात धोक्याचे. इथे बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांच्या अंदाजाने कनेटिकटमध्ये दर १० ते २० जप्त्यांमागे एक आत्महत्या टळली. त्या माणसाची बंदूक नंतर परत करता येते, जीव नाही.
मेन राज्याचं उदाहरण घ्या. तिथला 'यलो फ्लॅग' कायदा तुम्हाला आवडेल असा: आधी पोलिसांनी ताब्यात घ्यायचं, मग वैद्यकीय तपासणी, मग न्यायाधीश. तिथल्या लेविस्टन शहरात गोळीबार करणाऱ्या हल्लेखोराबद्दल घरच्यांनी आणि लष्करातल्या सहकाऱ्यांनी कित्येक आठवडे आधी सांगितलं होतं. पोलीस घरी गेले, दार उघडलं नाही, परत आले. २५ ऑक्टोबर २०२३ला १८ माणसं गेली. २०२५मध्ये तिथल्या मतदारांनीच रेड फ्लॅग मंजूर केला.

प्रशांत
जिवांचाच हिशेब करायचा तर मेरीलँडही धरा. नोव्हेंबर २०१८मध्ये पोलीस भल्या पहाटे असाच हुकूम बजावायला गेले. तो माणूस बंदूक हातात घेऊन दारात आला, झटापट झाली आणि पोलिसांच्या गोळीने तो मेला. सुनावणीची तारीख त्याने पाहिलीच नाही. आणि इलिनॉयमध्ये कायदा होताच की! हायलँड पार्कच्या हल्लेखोराच्या घरातून २०१९मध्ये पोलिसांनी चाकू नेले होते, तरी कोणी अर्ज केला नाही. २०२२च्या ४ जुलैला सात जण मारले गेले.

स्वाती
अर्ज केला नाही हा कायद्याचा दोष कसा? लोकांना तो माहीत करून द्या. सुप्रीम कोर्टानेही २०२४च्या रहीमी खटल्यात (घरगुती हिंसाचाराचा मनाई हुकूम असलेल्याने बंदूक बाळगण्याबद्दलचा) ८ विरुद्ध १ मतांनी मान्य केलं, की दुसऱ्याच्या जिवाला धोका ठरलेल्या माणसाची बंदूक तात्पुरती काढता येते.

मिलिंद
रहीमीवर आधारलेला युक्तिवाद अर्धाच आहे, स्वातीताई. तिथला कायदा लागूच होतो तो नोटीस मिळून, बाजू मांडायची संधी मिळाल्यानंतरच्या हुकमाला. एकतर्फी हुकमाचा प्रश्न कोर्टापुढे नव्हता. तरी पहिला हुकूम लगेच निघावा, हे मला मान्य आहे. त्यानंतर वकील द्या, पक्का पुरावा मागा, आणि वर्षाने सरकारनेच पुन्हा सिद्ध करावं.

स्वाती
वकील द्यायलाच हवा. मुदतीला मात्र माझी हरकत आहे. वर्ष संपताना पोलिसांनी वेळेत अर्जच केला नाही, तर बंदूक आपोआप त्याच घरात परत जाणार. तिथे राहणाऱ्या बायकोला हे कोण कळवणार?