मदत हवी आहे: म्युनिकमध्ये रोजच्या वापरासाठी सेकंडहँड गोल्फ आर घ्यावी का?

लाइमकर

नमस्कार मंडळी,

गाड्यांच्या धाग्यांवर आजवर वाचनमात्र होतो. आता मात्र जाणकारांची मदत हवी आहे.

आम्ही म्युनिकच्या लाइम भागात राहतो. मी, बायको आणि दीड वर्षाची मुलगी. सध्याच्या गाडीची टीयूव्ही, म्हणजे इथली सक्तीची वाहन तपासणी, तोंडावर आली आहे आणि तिच्यावर आणखी खर्च करण्यात अर्थ नाही. माझा डोळा आहे फोक्सवागन गोल्फ आरवर. सातवी पिढी, फेसलिफ्टनंतरची, २०१९ ची, पाच दारांची, सात गियरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गियरबॉक्स), चारही चाकांना ताकद. ही ३०० पीएसवाली आहे. फेसलिफ्ट आलं तेव्हा ३१० होते, पेट्रोल इंजिनांना पार्टिकल फिल्टर (एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा) बसवावा लागला तेव्हा दहा घोडे गळाले. पहिलाच मालक, सर्व्हिसबुक पूर्ण भरलेलं आहे असं तो म्हणतो.

गाडी किती जोरात पळते ते मला विचारायचं नाही, ते यूट्यूबवर पाहून पाठ झालं आहे. मंगळवारी सकाळी सव्वाआठला, मागे रडणारं पोर आणि पुढे ट्राम असताना ती कशी वागते ते सांगा.

माझा वापर असा: घर, पाळणाघर, ऑफिस मिळून एका बाजूचे ७ किमी, सगळे शहरातले. शनिवार-रविवारी कधी गार्मिश, कधी टेगर्नझे. वर्षातून दोनदा ब्रेनर खिंड ओलांडून इटलीतलं साउथ टिरोल.

शंका:

इमारतीच्या तळघरात आमचं पार्किंग दुमजली आहे, आमच्या वाट्याला खालचा पाळणा, म्हणजे गाडी उभी करायचा सरकता फलाट. ही गाडी साध्या गोल्फपेक्षा २० मिमी खाली बसते. नाक घासेल का?

१९ इंची चाकांवर दीड वर्षाचं मूल झोपतं का? (हसू नका, घरात हाच मुद्दा सर्वात वर आहे.)

मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या हाल्डेक्स या प्रकाराबद्दल जो तो घाबरवतो. नेमकं काय बघायचं?

आणि शेजारी. सकाळी थंड इंजिन सुरू झाल्यावर पहिलं मिनिटभर जो आवाज येतो, त्यावरून वरच्या मजल्यावरच्या आजी चिठ्ठी लावतील अशी खात्री आहे.

बायकोचं मत: स्कोडाची ऑक्टाव्हिया कॉम्बी (मोठ्या डिकीची) घे आणि गप बस.

---

टॉर्करिंच

सर्व्हिसबुक "पूर्ण भरलेलं" यावर जाऊ नका, बिलं मागा. का ते सांगतो.

या गाडीत नेहमी मुख्यतः पुढची चाकं ओढतात. मागच्या डिफरन्शियलच्या (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) तोंडाशी तेलात बुडालेला क्लचच्या चकत्यांचा संच असतो, तोच हाल्डेक्स. एक छोटा विजेचा पंप तेलाचा दाब तयार करतो, चकत्या आवळल्या जातात आणि मागच्या चाकांना ताकद मिळते. सातव्या गोल्फमध्ये त्याची पाचवी पिढी आहे. आधीच्या पिढीत बदलता येणारा फिल्टर होता, हिच्यात तो काढला आणि पंपाला फक्त बारीक जाळी ठेवली. चकत्या झिजून जो गाळ होतो तो त्या जाळीवर बसतो. जाळी तुंबली की पंप जोर लावत राहतो आणि एक दिवस जळतो.

यातली मेख अशी की बरेचदा डॅशबोर्डवर दिवाच लागत नाही. गाडी मुकाट्याने फ्रंट व्हील ड्राइव्ह होते. कोरड्या रस्त्यावर सौम्य चालवणाऱ्याला वर्षभर पत्ता लागत नाही.

कंपनीच्या वेळापत्रकात दर ३ वर्षांनी हाल्डेक्सचं तेल बदलणं आहे, पण पंप काढून जाळी साफ करणं त्यात येत नाही. ते वेगळं सांगून करून घ्यावं लागतं. म्हणजे २०१९ च्या गाडीला एव्हाना किमान दोनदा तेल बदललेलं हवं. बिलात ती ओळ दिसली नाही तर किमतीतून वजा करा. ओल्या रस्त्यावर थांबलेली गाडी जोरात काढून बघा. पुढची चाकं फिरत राहिली आणि मागून ढकलल्यासारखं वाटलं नाही तर घरी या.

बाकी: स्पार्क प्लग ६० हजार किमीला. इंजिनाचा वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट यांचं प्लास्टिकचं घर गळतं, ही या इंजिनाची सर्वांना ठाऊक असलेली खोड आहे. इनटेकच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) खाली टॉर्च मारून कूलंटचे गुलाबी सुकलेले ओघळ आहेत का ते बघा. टाकीच्या झाकणावर ९८ ऑक्टेन लिहिलंय, ते मनावर घ्या. डीएसजीची धास्ती नको. भारतात पोलो जीटीवाल्यांनी ज्याच्या नावाने बोटं मोडली तो कोरड्या क्लचचा होता, हा तेलातल्या क्लचचा आहे. ट्रॅफिकमध्ये सरपटायला तो कुरकुरत नाही.

खरी अडचण तुम्ही सहज लिहून गेलात. ७ किमी. त्यावर रात्री लिहितो, आत्ता मीटिंग आहे.

---

पुणे५२

वाचूनच जळजळ झाली. आमच्याकडे चारही चाकं ओढणारी अशी हॅचबॅक म्हणजे २०२१ मध्ये आलेली मर्सिडीजची एएमजी ए ४५ एस, तेव्हा एक्स-शोरूम साडेएकोणऐंशी लाख. २०२५ ला गोल्फ जीटीआय आली तीसुद्धा नुसती पुढची चाकं ओढणारी आणि ५० लाखांच्या वर. आणि तुम्ही पोर झोपेल का विचारताय! घ्या हो, हौसेला मोल नसतं.

---

मोगरा_उल्म

पोर झोपतं. आमच्याकडे नवऱ्याची ऑडी एस३ आहे, म्हणजे आतून हीच. फक्त त्या गाडीत डीसीसी, म्हणजे बदलते शॉक अॅब्जॉर्बर, आहेत का ते आधी बघा. सातव्या गोल्फ आरमध्ये ते जादा पैसे देऊन घ्यावे लागत, सगळ्यांत नसतात. असतील तर 'इंडिव्हिज्युअल' मोडमध्ये सस्पेन्शन कम्फर्टला आणि बाकी हवं तिथे ठेवायचं. नसतील तर १९ ची चाकं विकून १८ ची लावा. कडा दगडाला घासून होणारा मनस्तापही कमी होतो. म्युनिकमधल्या फुटपाथांच्या कडा रिम खाण्यासाठीच बसवल्या आहेत असं माझं ठाम मत आहे.

कुणी डिकीबद्दल बोललं नाही. मागच्या डिफरन्शियलमुळे तळ वर येतो, साध्या गोल्फची ३८० लिटर तर आरची ३४३. आकडा छोटा वाटतो, पण बाबागाडीचं चाक काढावं लागतं की नाही ते त्या ३७ लिटरांवर ठरतं. तुमची बाबागाडी घेऊनच गाडी बघायला जा.

आणि ऑक्टाव्हियाचा प्रश्न असा सोडवा: गोल्फ आर व्हेरियंट, म्हणजे गोल्फ आरचीच कॉम्बी. तेच इंजिन, तशीच चारही चाकांना ताकद आणि ६०५ लिटर डिकी. घरात शांतता, पायाखाली ३०० घोडे.

---

लाइमकर

@मोगरा, व्हेरियंट हा शब्द घरात उच्चारला. पहिल्यांदाच "बघू" असं उत्तर आलं. आभारी आहे!

@टॉर्करिंच, बिलांसाठी विक्रेत्याला मेल टाकली. ७ किमीत काय बिघडतं?

---

टॉर्करिंच

कूलंटचा काटा ९० वर आला की लोकांना वाटतं इंजिन तापलं. तेल बरंच मागे असतं. या गाडीत तेलाचं तापमान डिस्प्लेवर आकड्यात दिसतं, ते लावून ठेवा. जानेवारीत ७ किमी शहरातून गेल्यावर बघा, तेल अजून धड तापलेलं नसेल. मग ऑफिस, आणि संध्याकाळी पुन्हा थंड इंजिन. थंडीत मिश्रणात पेट्रोल जास्त सोडलं जातं, त्यातलं थोडं तेलात उतरतं, वर पाण्याची वाफ. लांब पल्ल्यात ते उडून जातं, छोट्या खेपांत साठत राहतं. तुमच्या गाडीला पार्टिकल फिल्टरही आहे. त्यातली काजळी जळायला तापलेला एक्झॉस्ट लागतो, शिवाय वेगात असताना पाय उचलून गाडी सोडून द्यावी लागते तेव्हा मिळणारा ऑक्सिजन. ट्रामच्या मागे दोन्ही मिळत नाहीत.

म्हणून दर शनिवारचं गार्मिश चुकवू नका, ते गाडीचं औषध समजा. तेल ३० हजार किमी किंवा २ वर्षांच्या लाँगलाइफ पद्धतीने नको, दरवर्षी बदला. आणि खरं सांगू? पाळणाघराची खेप कार्गो सायकलने (पुढे पोराला बसवायची पेटी असलेल्या) करा. ही गाडी रोज वापरता येते, रोज ७ किमी वापरणं तिला मानवत नाही.

आजींसाठी: सुरू केल्याबरोबर निघा. गाडी उभी ठेवून विनाकारण इंजिन चालू ठेवणं इथल्या वाहतूक नियमांत तसंही बसत नाही, इंजिनालाही फायदा शून्य. हळूहळू चालवतच तापवा.

---

इन्सब्रुकवासी

थोडक्यात टायरांबद्दल, कारण इथेच खिसा फाटतो.

चारही टायर सारख्याच कंपनीचे, सारख्याच मॉडेलचे आणि जवळपास सारखेच झिजलेले हवेत. घेर वेगळा झाला की पुढची-मागची चाकं वेगळ्या वेगाने फिरतात आणि हाल्डेक्स विनाकारण राबतो. बघायला गेलात की आधी चारही टायरांच्या खाचांची खोली मोजा. मालक कंजूष होता की नाही ते तिथेच कळतं.

चार चाकं ओढतात म्हणून उन्हाळी टायरांवर बर्फात निभावेल असं समजणारे दर हिवाळ्यात आमच्या घाटात आडवे झालेले दिसतात. ऑल व्हील ड्राइव्ह निघायला मदत करते, थांबायला नाही. जर्मनीत ऑक्टोबर २०२४ पासून डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असलेलेच टायर हिवाळी धरतात, नुसतं एम+एस (चिखल-बर्फाचा जुना शिक्का) चालत नाही. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल, रस्त्यावर बर्फ असेल तर सक्ती. हिवाळ्यासाठी १८ ची चाकं वेगळी घ्या. बर्फासाठीच्या साखळ्या कोणत्या मापाच्या टायरांवर चालतात ते गाडीच्या पुस्तिकेत बघून मगच मापाचा निर्णय करा.

टॅक्सची काळजी नको, इन्शुरन्सची करा. वर्षाचा टॅक्स २०० युरोच्या आसपास निघेल. फोलकास्कोचा (स्वतःच्या गाडीचं नुकसानही भरून देणाऱ्या पूर्ण विम्याचा) आकडा मात्र गाडी बघायला जायच्या आधी काढा, तुमचा एसएफ क्लास (दावा न केलेल्या वर्षांची पायरी) कमी असेल तर घाम फुटेल.

---

लाइमकर

इन्शुरन्सचा आकडा काढला. घाम फुटला, पण टॉवेलने पुसता आला.

बिलं आली. हाल्डेक्सचं तेल एकदाच बदललेलं आहे, दुसऱ्या वेळचं बिल नाही. विक्रेता म्हणतो, "झालंच असेल." त्यामुळे ही गाडी मागे पडली. आउग्सबुर्गला एक व्हेरियंट सापडली आहे, डीसीसीसकट, दोन्ही बिलांसकट. किमी जास्त आहेत, पण बहुतेक ऑटोबानवरचे. शनिवारी बाबागाडी घेऊन जातोय. पार्किंगचा प्रश्न अजून अधांतरी आहे.

---

मोगरा_उल्म

व्हेरियंट लांबीने जास्त आहे, नाकाच्या आधी तेच मोजा. पाळण्याच्या खांबावर कमाल लांबी, उंची आणि वजन लिहिलेली पाटी असते, तिचा फोटो काढून ठेवा. नाकाचं म्हणाल तर चाचणीच्या फेरीत विक्रेत्याला विचारून एखाद्या तीव्र उताराच्या पार्किंगमध्ये गाडी तिरकी उतरवून बघा.

---

टॉर्करिंच

ऑटोबानवरचे जास्त किमी शहरातल्या कमी किमीपेक्षा कधीही बरे. आणि विक्रेत्याला आधीच सांगा की गाडी तुम्ही थंड असतानाच सुरू करणार. गेल्यावर बॉनेट गरम लागलं तर चहा पिऊन दोन तासांनी परत जा.