'फायब्रोसिस'ला व्रण, वण की तंतुमयता?

मुसाफिर : उंदरांवरच्या हृदय-संशोधनाविषयीच्या एका लेखाचा अनुवाद करतोय. 'कार्डियाक फायब्रोसिस'ला, म्हणजे हृदयाच्या स्नायूत तंतू साचण्याला, 'हृदयावरील व्रण' चालेल का? आणि 'फायब्रोब्लास्ट ॲक्टिव्हेशन प्रोटीन'ला 'तंतुपेशी सक्रियक प्रथिन' केलंय. कसं वाटतं?

कुंदा : व्रण नको हो. जठरव्रण म्हणतो तेव्हा उघडी जखमच डोळ्यांसमोर येते. जखम भरून उरतो तो वण. शिवाय 'हृदयावरील' कसं? भानगड स्नायूच्या आत आहे.

रानजाई : कुंदाताईंशी सहमत, पण 'वण'सुद्धा सगळीकडे चालणार नाही. हार्ट अटॅकमध्ये स्नायूचा तुकडा मरतो. हृदयाच्या स्नायुपेशी नव्याने फारशा तयार होत नाहीत, म्हणून त्या जागी कोलॅजन (चिवट तंतूंचं प्रथिन) भरतं. हा वण. तो धरला नाही तर भिंत फाटायचीच भीती. उलट वर्षानुवर्षं रक्तदाब चढा असेल तर जिवंत स्नायुपेशींच्या मधेमधे कोलॅजन साचत जातं आणि हृदय ताठर होतं. तिथे वण कुठे दाखवणार? 'तंतुमयता' म्हणा.

'सक्रियक' मात्र दिशाभूल करणारं आहे. (दोष मूळ नावाचाच.) वाचकाला वाटेल, हे प्रथिन तंतुपेशीला (कोलॅजन बनवणाऱ्या पेशीला) जागं करतं. ते आहे पेशीच्या पृष्ठभागावरचं, प्रथिनं तोडणारं विकर (एन्झाइम). निरोगी प्रौढ हृदयात ते जवळपास नसतंच. तंतुपेशी चेतवली गेली की तिच्या अंगावर दिसू लागतं. म्हणून तर संशोधकांना ते खुणेसारखं वापरता आलं. २०१९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या गटाने ही खूण ओळखून तंतुपेशी मारणाऱ्या टी-पेशी (रोगप्रतिकारक पेशी) उंदरांना टोचल्या, तेव्हा तंतुमयता कमी झाली. २०२२ मध्ये त्याच विद्यापीठात एमआरएनए (प्रथिन बनवण्याची सूचना पेशीला देणारा रेणू) टोचून तशा पेशी उंदराच्या शरीरातच, तात्पुरत्या, तयार केल्या. तात्पुरत्या हे महत्त्वाचं, कारण जखम भरतानाही याच तंतुपेशी लागतात.

मुसाफिर : मग 'सक्रिय तंतुपेशींवरचं प्रथिन'?

रानजाई : उत्तम. पहिल्यांदा तसं लिहा, पुढे नुसतं 'फॅप', इंग्रजी नावाची आद्याक्षरं.

कुंदा : आणि मथळ्यातून 'उंदरांमध्ये' गाळू नका, नाहीतर लोक उद्याच डॉक्टरांकडे इंजेक्शन मागतील.